विषय : पैसे मोजले तर सीट आहे, माइल्स दिले तर नाही

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

काल तुमच्या ग्राहक सेवेला पाचवा फोन केला. आता लेखी देते आहे.

माझ्या खात्यात २४,००० माइल्स आहेत, म्हणजे तुमच्या विमानानं गेल्यावर तुम्ही देता ते आणि पुढे पैशांऐवजी तिकिटाला चालतात ते गुण. वरुडची संत्री विकायला सहा वर्षं नागपूरहून दिल्ली-बेंगळुरूला तुमच्याच विमानानं गेले. दुसरीकडे पाचशे-हजारानं स्वस्त तिकीट मिळत असतानाही. माइल्स जमतील म्हणून.

या महिन्यात दिल्लीला बहिणीचं ऑपरेशन अचानक ठरलं. आईला घेऊन जायचं होतं. तिकीट ११,८०० वर गेलेलं. माइल्स वापरायची वेळ हीच असते, हे तुम्हाला माहीत आहे. एका तिकिटाला १०,००० माइल्स आणि वर १,१०० रुपये कर, म्हणजे एका माइलचा एक रुपया सात पैसे वसूल. तेच तिकीट ४,५०० ला असताना माइल्स घातले असते तर चौतीस पैसे. म्हणून तर इतकी वर्षं हात लावला नव्हता.

विमानात सीटा होत्या. पैसे भरतो म्हटलं की दिसत होत्या, माइल्स निवडले की 'उपलब्ध नाही'. चार दिवसांच्या तारखा पाहिल्या, चारही दिवस तेच. शेवटी रोख २३,६०० भरले. आई खिडकीशी बसली, मी मध्ये. तिसरी सीट दिल्लीपर्यंत रिकामीच होती.

परत आल्यावर एवढंच मागितलं की त्या दोन तिकिटांपोटी माइल्स कापा आणि फरक परत करा. काल बावीस मिनिटं होल्डवर ठेवलं. आंबिया बहाराची तोड चालू आहे, हात मोकळे नव्हते म्हणून फोन स्पीकरवर क्रेटवर ठेवला होता. बाजूला आठ बाया संत्री निवडत होत्या. मी वरचा हिशेब सांगितला. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हे कळणार नाही, मिस्टरांना फोन द्या." मी म्हटलं, खातं माझं आहे. तो म्हणाला, "हो, पण घरात कुणी शिकलेलं असेल ना?" आठही बायांचे हात थांबले. खातं माझं, प्रवास माझा, पैसा माझा. माझ्या यजमानांनी आजवर विमान आतून पाहिलेलं नाही. त्यांना काय समजावणार होतात?

पुढे तो म्हणाला, माइल्समध्ये मिक्सर घ्या, सगळे २४,००० लागतील. तो मिक्सर वरुडच्या दुकानात ४,२०० ला मिळतो. साडेसतरा पैसे झाले माइलला! वर हेही कळलं की यातले ६,००० माइल्स ३१ डिसेंबरला बाद होणार. ना मेसेज, ना मेल.

पुन्हा विचारते, रोख पैशाला असलेली सीट माइल्सला का नव्हती? माइल्सच्या तिकिटासाठी प्रत्येक विमानात किती सीटा ठेवता, ते लेखी कळवा. बाद होणाऱ्या माइल्सची मुदत वाढवा. कालचं रेकॉर्डिंग स्वतः ऐका आणि त्या माणसाला माझी माफी मागायला लावा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवीन आणि अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. तुमच्या वकिलाला इकडे यावं लागेल.

डिसेंबरात बेंगळुरूला जायचं आहे. तिकीट अजून काढलेलं नाही.

तुमची सहा वर्षांची ग्राहक,
ता. वरुड, जि. अमरावती