जपानी राक्षसपट हसण्यावारी नेण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या जपानी भयपटांबद्दल आणि विज्ञानपटांबद्दल वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत लिहून येते, तेव्हा सूर बहुधा ठरलेला असतो. रबरी पोशाखातला माणूस, पुठ्ठ्याचे शहर, ओठांशी न जुळणारे संवाद. थोडे हसा आणि सोडून द्या. हा अन्याय आहे. ज्याला आपण हसतो, ते बरेचसे मूळ चित्रपटात नसतेच. ते कापलेल्या, डब केलेल्या, चुकीच्या चौकटीत कोंबलेल्या प्रतीत असते.

'गोजिरा'च घ्या, म्हणजे जगाला 'गॉडझिला' म्हणून ठाऊक असलेल्या राक्षसाचा पहिला चित्रपट. 'बी-मूव्ही', म्हणजे स्वस्तातला दुय्यम चित्रपट, हा शिक्का त्याच्यावर अमेरिकेत बसला. जपानमध्ये तो तोहो कंपनीचा मोठ्या खर्चाचा चित्रपट होता. १९५४ मध्येच तोहोचा गाजलेला 'सेव्हन सामुराई' आला आणि अभिनेते ताकाशी शिमुरा दोन्हींत आहेत. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली आणि तिची किरणोत्सारी राख 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. बोटीचा वायरलेस-चालक २३ सप्टेंबरला दगावला. ३ नोव्हेंबरला 'गोजिरा' पडद्यावर आला. सुरुवातीलाच समुद्रात झगझगीत उजेड होतो आणि बोट पेटते. तो उजेड कसला, हे त्या प्रेक्षकांना सांगावे लागले नसणार. जपानी प्रत ९६ मिनिटांची आहे. १९५६ च्या अमेरिकी प्रतीत अभिनेते रेमंड बर यांचे नवे प्रसंग घुसडले आणि तरीही लांबी सुमारे ८० मिनिटांवर आणली. गाडीत एक तरुणी नागासाकीतून कशीबशी वाचल्याचे बोलते, तो संवाद त्यात उरलाच नाही.

पोशाखातला माणूस ही सवंग युक्ती नव्हे, तिच्यामागे गणित आहे. विशेष दृश्यांचे प्रमुख एइजी त्सुबुराया यांनी शहर १:२५ या प्रमाणात बांधून घेतले. ५० मीटरच्या प्राण्याला दोन मीटरचा पोशाख. पण वस्तू पंचवीसपट लहान केली म्हणून गुरुत्वाकर्षण कमी होत नाही. छोटी भिंत झटकन कोसळते आणि तिचे छोटेपण उघडे पडते. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम घेतल्या की तीच भिंत पडद्यावर खऱ्या इमारतीइतकी सावकाश पडते. हा हिशेब दरवेळी तंतोतंत पाळता येत नसे, पण राक्षसाच्या चालीला वजन येते ते यातून. पाचपट वेगाने चित्रण करायचे तर उजेडही पाचपट लागतो. त्यात जवळचे-लांबचे दोन्ही स्पष्ट हवे म्हणून भिंगाचे छिद्र बारीक ठेवायचे, म्हणजे आणखी दिवे. त्या उकाड्यात पोशाखातले नट हारुओ नाकाजिमा जाड रबर अंगावर घेऊन चालत. पहिला पोशाख सुमारे १०० किलोचा आणि इतका ताठर निघाला, की तो कमरेत कापून पायांच्या दृश्यांपुरता वापरावा लागला.

विजेच्या तारांचे मनोरे वितळतात, ते दृश्य थांबवून पाहा. मनोरे मेणाचे आहेत, गरम हवेने आणि दिव्यांच्या धगीने वाकवलेले. कृष्णधवल चित्रात ते मेण तापून पांढऱ्या झालेल्या पोलादासारखे दिसते. रंगीत फिल्मवर हे इतके साधले नसते, असे माझे मत आहे.

फसते ते पाणी. थेंब प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही, म्हणून जहाजांची दृश्ये पटत नाहीत. हा दोष मान्य करायलाच हवा. उडणाऱ्या राक्षसांच्या तारा दिसतात त्याचे कारण मात्र वेगळे. चित्रपटगृहातली प्रत मूळ निगेटिव्हपासून काही पिढ्या लांबची, म्हणजे प्रतीवरून काढलेली प्रत, असे आणि तेवढ्या धूसरपणात तारा लपत. आजची डिजिटल प्रत निगेटिव्हच्या खूप जवळची असते, तेव्हा त्या उघड्या पडतात.

घरी पाहताना सर्वांत आधी टीव्हीचे 'मोशन स्मूदिंग' बंद करावे. ते मधल्या फ्रेम स्वतः तयार करून हालचाल गुळगुळीत करते आणि इतक्या कष्टाने आणलेले वजन घालवते. मग चौकट. १९५७ पासून तोहोचे असे बहुतेक चित्रपट २.३५:१ इतके, म्हणजे उंचीच्या २.३५ पट, रुंद आहेत. टीव्हीसाठी ४:३ मध्ये कापलेल्या प्रतीत चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग जातो. उलट 'गोजिरा'ची चौकट जुन्या टीव्हीसारखी अरुंद आहे. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात, चित्र ताणले की राक्षस ठेंगणा होतो. पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम दाखवणाऱ्या, डीव्हीडीवर ९६ मिनिटांचा चित्रपट ९२ मिनिटांत संपतो आणि दुरुस्ती केलेली नसेल तर आवाज चढतो. इथे हे फार खटकते, कारण अकिरा इफुकुबे यांचे संगीत खर्जावर उभे आहे. गोजिराची डरकाळीही डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवर राळ लावलेला चामडी हातमोजा ओढून आणि ध्वनिमुद्रण हळू वाजवून काढलेली आहे. भाषा जपानीच ठेवावी, खाली सबटायटल्स.

गोजिरानंतर 'मातांगो' (१९६३) पाहावा. दिग्दर्शक तेच, इशिरो होंडा. पण इथे शहर नाही, धुक्यातले बेट, बुरशीने भरलेले जहाज आणि भुकेले सात जण. भुतांची ओढ असेल त्यांनी नोबुओ नाकागावा यांचा 'जिगोकू' (१९६०) चुकवू नये. शिंतोहो कंपनी डबघाईला आली होती, पुढच्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. तरी काळोखा स्टुडिओ, धूर आणि रंगीत झोत एवढ्यावर शेवटची सुमारे ४० मिनिटे नरक उभा केला आहे. शोचिकू कंपनीचा 'गोके' (१९६८) विमान, रक्तासारखे लाल आकाश आणि कपाळाच्या चिरेतून शिरणारा परग्रहवासी यांचा आहे. उघड स्वस्त आहे आणि तरीही झोंबतो. १९६९ चा 'सर्व राक्षसांचा हल्ला' मात्र सुरुवातीला नको. त्यातली बरीच मारामारी आधीच्या चित्रपटांतून उचललेली आहे.

पुरवणीत अशा चित्रपटांची शिफारस छापताना जपानी नाव, वर्ष, मिनिटे आणि चौकटीचे प्रमाण एवढे जरूर द्यावे, ही विनंती. 'मातांगो' अमेरिकी टीव्हीवर 'अटॅक ऑफ द मशरूम पीपल' झाला होता. नुसते इंग्रजी नाव छापले, तर वाचक हमखास डब केलेल्या प्रतीपाशी पोहोचतो.

आपला,
एक वाचक