बॅटरीच्या आकृत्या अर्धवट नकोत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक बॅटरीवर कसा चालवावा हे शिकवणारे लेख विज्ञान पुरवण्यांतून येतात, त्यांचे स्वागतच आहे. मात्र त्यांतील अनेक आकृत्यांत सेल, चार्जर आणि संगणक एकाच दोन वायरींना जोडलेले असतात आणि स्विच जागा मिळेल तिथे बसवलेला असतो. अशी जोडणी पहिल्याच दिवशी चालते, त्यामुळे तिच्यातला दोष कोणाच्या लक्षात येत नाही.

लिथियम-आयन सेल सर्वसाधारणपणे ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. तिथे पोहोचल्यावर चार्जर व्होल्टेज स्थिर ठेवतो आणि प्रवाह उतरत जातो. टीपी४०५६ या चार्जरच्या प्रचलित चिपमध्ये तो ठरवलेल्या प्रवाहाच्या एकदशांशावर, म्हणजे १ अँपिअर ठरवला असल्यास १०० मिलिअँपिअरवर आला की चार्जिंग थांबते. संगणक त्याच वायरींवर असेल तर तो एकटाच याहून जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे सेल भरल्याचे चार्जरला कळतच नाही आणि सेल तासन्‌तास ४.२ व्होल्टवर अडकून राहतो. ही चिप आणि संरक्षण सर्किट असलेल्या तयार मॉड्यूलवर बॅटरीची आणि आउटपुटची टोके वेगवेगळी छापलेली असतात खरी, पण त्यांतली दोन्ही धन टोके आतून थेट जोडलेलीच असतात.

यावर उपाय फार महागडा नाही. चार्जरला येणाऱ्या ५ व्होल्टवरून शॉट्की डायोडमार्फत (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) संगणकाकडे एक वाट काढावी, आणि सेल व संगणक यांच्यामध्ये पी-चॅनल मॉसफेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असा बसवावा की त्याच्या तीन टोकांपैकी ड्रेन सेलकडे, सोर्स संगणकाकडे आणि गेट त्याच ५ व्होल्टला राहील. गेटपासून ग्राउंडपर्यंत, म्हणजे ऋण वायरीपर्यंत, एक रेझिस्टरही हवा. चार्जर लावला की मॉसफेट बंद होतो आणि काढला की सेल भार उचलतो. ड्रेन आणि सोर्स उलटे जोडले गेले, तर मॉसफेटच्या आतल्या डायोडमधून चार्जरचा प्रवाह कोणत्याही नियंत्रणाविना सेलमध्ये शिरतो. आकृतीत हे ठळकपणे छापायलाच हवे.

स्विच या जोडणीच्या पुढे, सेलचे व्होल्टेज वाढवून ५ व्होल्ट देणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरच्या आधी असावा, म्हणजे संगणक बंद असतानाही चार्जिंग चालू राहते. संगणकाला ५ व्होल्टवर २ अँपिअर लागत असतील, तर साडेतीन व्होल्टच्या सेलमधून रूपांतरातील घट धरून ३ अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो. अर्ध्या अँपिअरचा नाजूक सरकता स्विच तिथे तापणारच. एवढा प्रवाह पेलणारा स्विच बसवावा किंवा कन्व्हर्टरला चालू-बंद करणारी पिन असल्यास छोट्या स्विचने तीच हाताळावी.

आणखी एक गोष्ट लेखांतून हमखास सुटते. चालू संगणकाचा वीजपुरवठा थेट तोडल्यास मेमरी कार्डावरील फाइली बिघडू शकतात. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून जीपीआयओ ३ या (बाहेरची बटणे वगैरे जोडण्याच्या पिनांपैकी एका) पिनवरच्या बटणाने आधी शटडाउन करता येते आणि बऱ्याच मॉडेलांत वीज सुरू असेपर्यंत त्याच बटणाने तो पुन्हा जागाही होतो. आपल्या पुरवणीत यापुढे बॅटरीची आकृती छापताना ती या बटणासह आणि स्विचच्या अँपिअर क्षमतेसह छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक