सोयरीक गिअरबॉक्सकडून जुळवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शर्यतीची गाडी घरच्या घरी बांधणाऱ्या मुलांवर लेख आला होता. पोरांचं कौतुक केलंत, बरं वाटलं. पण एकाच कंपनीचं इंजिन असलं की ते तिच्या कुठल्याही गिअरबॉक्सवर चढतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे, तेवढं मात्र पटलं नाही. ते वाचून आणखी चार जण भंगारात पैसे घालतील. इंदूरच्या पोलोग्राउंड भागात माझं लेथचं दुकान होतं. इंजिनं उतरवणं-चढवणं हा माझा धंदा नव्हे, पण ज्याचं बसत नाही तो शेवटी लेथवाल्याच्याच दारात येतो.

मारुतीचंच घ्या. झेनच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 72 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 61. एस्टीमचा 74 आणि 75.5. त्या वेळच्या बलेनो सेदानचा 75 आणि 90. हिशेब केला की अनुक्रमे 993, 1298 आणि 1590 सीसी येतात. तिन्ही एकाच कुळातली सख्खी भावंडं, पण बोअर वाढला जेमतेम तीन मिलिमीटर आणि स्ट्रोक 29. सगळी वाढ उंचीत. म्हणून बलेनोचा ब्लॉक उंच आहे आणि लहान गाडीत तो उतरवायचा म्हटलं की आधी बॉनेट लागतं का ते बघावं लागतं. एस्टीमचं इंजिन मात्र झेनमध्ये घरच्यासारखं बसतं, हे जुने मेकॅनिक झोपेतही सांगतील. जिप्सी किंगचं 1.3 लिटरचं इंजिनही त्याच घरातलं, पण ते गाडीत लांबीच्या दिशेने, उभं बसतं, एस्टीमचं रुंदीच्या दिशेने, आडवं. त्यामुळे सम्प, म्हणजे तळाची ऑईलची टाकी, वेगळा, ऑईल ओढणारी नळी वेगळी, आणि गिअरबॉक्सचा तर संबंधच नाही. कूळ एक म्हणून चूल एक नसते.

माझ्या भाच्याने दोन मित्रांसह जुनी झेन घेतली आणि भंगारातून एस्टीमचं नुसतं इंजिन उचललं. विकणारा म्हणाला, "भिया, सेम टू सेम है, आँख बंद करके लगा लो." गिअरबॉक्स झेनचाच ठेवायचा, असं ठरलं. बेत वाईट नव्हता. ज्या गॅरेजात हे चाललं होतं त्याचं नाव लिहीत नाही. क्लच प्लेट नजरेच्या अंदाजाने बसवली, ती मध्यावर नव्हती. गिअरबॉक्सचा शाफ्ट प्लेटच्या दात्यांत शिरेना. ब्लॉक आणि बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, यांच्यात बोटभर फट राहिली. त्या वेळी जे कधीच करू नये ते केलं: बोल्ट आवळून फट ओढायला गेले. टक् असा आवाज झाला आणि हाउसिंगचा बोल्ट बसायचा एक कान हातात आला.

अॅल्युमिनियमचा तुटका कान घेऊन तिघे माझ्याकडे आले. आर्गन वेल्डिंग करून घेतलं. वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंगचं तोंड ओढलं गेलं, म्हणून ते मशीनवर पुन्हा सपाट करावं लागलं. करता करता लक्षात आलं की दोन डॉवेलपैकी, म्हणजे ब्लॉक आणि हाउसिंग नेमके जुळवणाऱ्या खुंट्यांपैकी, एक गायब आहे. ते जुन्या ब्लॉकमध्येच राहिलं असणार. लोक बोल्ट मोजतात, डॉवेल कुणी मोजत नाही. बोल्ट फक्त धरून ठेवतो. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या बरोबर रेषेत आणण्याचं काम डॉवेलचं. ते नसेल तर गाडी चालते, पण बेअरिंग आणि क्लच हळूहळू खात चालते. लेथवर मी नवं डॉवेल दहा मिनिटांत घडवून दिलं. क्लच प्लेट मध्यावर धरायला जुना तुटका शाफ्ट वापरला, तसा एक प्रत्येकाने जवळ ठेवावा.

म्हणून माझं म्हणणं असं की सोयरीक गिअरबॉक्सकडून जुळवायला घ्या. आधी तो हातात घ्या. क्लच प्लेट त्याच्या शाफ्टवर सरकवून बघा, चाक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचं आतलं टोक त्यात आणि बाहेरचं तुमच्या चाकाच्या हबमध्ये जातं का ते बघा. मग इंजिन शोधा, आणि घेताना फ्लायव्हील, वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा संगणक) सगळं एकाच गाडीचं मागा. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्रावर बाहा या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी येणारी मुलं बघा. पेट्रोल गाड्यांच्या गटात इंजिन सगळ्यांना सारखंच असतं. फरक पडतो तो इंजिनामागे कुणी काय बांधलंय याने.

गिअरबॉक्सचं गुणोत्तर कळायला पुस्तकही लागत नाही. गाडीची पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, टॉपचा गिअर टाका, एक चाक मित्राला घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्यावर खडूने खूण करा. क्रँकच्या पुलीला पाना लावून ते चाक एक फेरा होईपर्यंत फिरवा आणि पुलीचे फेरे मोजा. एक चाक अडवलं की डिफरेन्शियलमुळे दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून आलेला आकडा दुप्पट करायचा. कोइमतूरचा कारी ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध ट्रॅक 5 किलोमीटरहून मोठा. दोन्हीकडे एकच गिअरिंग कसं चालेल? माझ्या भाच्याने कोपऱ्यांतून गाडी झपकन निघावी म्हणून झेनचा गिअरबॉक्स ठेवला आणि मग देखणी दिसतात म्हणून 145/70 ची टायरं काढून 175/70 ची चढवली. रिम 13 इंचाचीच. घेर 168 सेंटिमीटरचा 181 झाला, म्हणजे जवळपास आठ टक्क्यांनी गिअरिंग लांबलं, झपकन निघण्याची ओढ तेवढी घटली. एका हाताने कमावलं, दुसऱ्याने उधळलं.

आणखी एक. नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा नंबर आणि सीसी असतो. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम 52 वाचा आणि असली गाडी ट्रेलरवरूनच न्या. रात्री सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर 'चाचणी' घेणाऱ्यांची बातमी छापू नका, एवढी विनंती.

पुढच्या पुरवणीत ते एक वाक्य दुरुस्त झालं तर बरं. झेन सध्या माझ्या अंगणात चार विटांवर उभी आहे, 145 च्या टायरांची वाट बघत.

कळावे,
एक निवृत्त लेथवाला, लोकमान्यनगर, इंदूर
(नाव छापू नये. भाचा तसाही ओळखेल.)