सहा वाजताची मॅच नेमकी कोणासाठी?

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की लोक आळशी झालेत, घरी सोफ्यावर मॅच दिसते मग स्टेडियमला कोण जातंय. वाचून आधी हसू आलं आणि मग जरा रागच आला. मी गेली बारा वर्षं सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थविलला राहतोय, इथे रग्बी लीगचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे, आणि खुर्च्या का रिकाम्या राहतात हे मी स्वतः खुर्चीत बसून बघितलंय, कधीकधी तर खुर्चीपर्यंत पोचताच आलं नाही म्हणून कळलंय. काका, आळसाचा संबंध कमी आणि घड्याळाचा, म्हणजे टीव्हीसाठी ठरवलेल्या मॅचच्या वेळेचा, जास्त आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो, रग्बी दोन प्रकारची, पंधरा जणांची युनियन आणि तेरा जणांची लीग. लीगमध्ये सहाव्यांदा पकडले गेलात की बॉल समोरच्याला द्यायचा, त्यामुळे आपल्या कबड्डीवाल्या डोळ्यांना ती लगेच कळते. आणि ही लीग वेगळी कशी झाली माहितीये का? १८९५ साली इंग्लंडमध्ये हडर्सफील्डला उत्तरेकडचे क्लब एका हॉटेलात जमले आणि जुन्या संघटनेतून बाहेर पडले, कारण गिरणी-खाणीतल्या पोरांची मॅचसाठी बुडालेली मजुरी भरून द्यायला वरचे लोक तयार नव्हते. म्हणजे हा खेळच मुळात कामाच्या वेळेवरून झालेल्या भांडणातून जन्मलाय, आणि आज सव्वाशे वर्षांनी मी शुक्रवारी ऑफिसातून पळत सुटतो तेव्हा मला हेच आठवतं.

तर आमचा शुक्रवार. मॅच संध्याकाळी सहाला. ऑफिस सिडनीच्या मध्यात, पाचला निघालो तरी लिफ्ट, सिग्नल, स्टेशनचा जिना असं करत पाच-वीसची ट्रेन मिळाली तर नशीब, पॅरामॅटाला उतरेपर्यंत सहाला दहा कमी, तिथून मैदानापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत, मग गेटवर बॅग तपासणार. तिकडे बायको मुलाला शाळेनंतरच्या पाळणाघरातून उचलून, गाडी कुठेतरी लांबच्या गल्लीत लावून येणार. एकदा तर स्ट्रॅथफील्ड स्टेशन सोडल्यावर ट्रेन मध्येच थांबली, डब्यात आमच्या संघाच्या निळ्या-पिवळ्या जर्सी घातलेली निदान वीस माणसं, आणि सगळी मान खाली घालून मोबाईलवर तीच मॅच बघत होती जिचं तिकीट त्यांच्या खिशात होतं. पलीकडचा एक जण ओरडला, त्याच्या मोबाईलवर ट्राय (म्हणजे रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) झाला होता, मग दोन सेकंदांनी तोच आमच्या मोबाईलवर झाला. आम्ही पोचलो तेव्हा हाफ टाइमला पाच मिनिटं होती, पोरगं विचारतंय बाबा किती झाले, आणि मी डब्यातले धपाटे काढतोय. आमच्या मागच्या रांगेत एक गोरे आजोबा असतात, ते म्हणाले, पूर्वी मी मॅचला येताना जेवून यायचो, आता मॅचमुळे जेवणच राहतं.

ही सहाची वेळ काही आकाशातून पडलेली नाही. पूर्वी, म्हणजे ऐंशीच्या दशकात वगैरे, बहुतेक मॅच रविवारी दुपारी एकाच वेळी चालायच्या, ज्याने त्याने आपापल्या मैदानावर जायचं, संध्याकाळी बाकीचे स्कोअर ऐकायचे. टीव्हीला हे चालत नाही. आता एनआरएल या इथल्या मुख्य लीग स्पर्धेत आठवड्याला आठ मॅच आणि आठ वेगळ्या वेळा, एक संपत आली की दुसरी सुरू, एकही दुसरीच्या अंगावर पडत नाही. गुरुवारी रात्री आठच्या आसपास एक, शुक्रवारी सहा आणि आठ, शनिवारी तीन, साडेपाच आणि साडेसात, रविवारी दोन आणि चार. यातल्या तीन मॅच चॅनल नाइनवर फुकट दिसतात, आठच्या आठ फॉक्सटेलकडे पैसे भरून. शुक्रवारी आठची चांगली वेळ फुकटवाल्यांनी घेतली, मग पैसेवाल्यांना त्याच्या आधी स्वतःची एक मॅच पाहिजे, म्हणून सहा! त्याआधी २००७ पासून २०१६ पर्यंत सोमवारी रात्री मॅच असायची, आठवड्याचा पहिला दिवस, थंडी, दुसऱ्या दिवशी शाळा, त्या मॅचला मैदानात आपलाच आवाज घुमून परत यायचा. तो सोमवार बंद झाला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि २०१७ ला त्याच्या जागी शुक्रवारी सहा आलं.

रविवारच्या मॅचची वेळ तर मला फारच आवडते, म्हणजे तिच्यातली चलाखी आवडते. मॅच चार वाजून पाच मिनिटांनी. चारला नाही, सव्वाचारला नाही. ८० मिनिटांचा खेळ, मधली सुट्टी, दुखापती, ट्राय पडला की जाहिराती, सगळं धरून पावणेदोन तासांच्या पुढे जातं, आणि बरोब्बर सहाला चॅनलच्या बातम्या लागतात. मॅच बघणारा माणूस चॅनल न बदलता बातम्यांत घुसतो. आधी तर मॅच तीनलाच खेळायची आणि टीव्हीवर तासाभराने दाखवायची अशी पद्धत होती, म्हणजे मैदानातल्या माणसाला उन्हात बसायला मिळायचं आणि चॅनलला बातम्यांच्या आधीचा प्रेक्षक मिळायचा. मोबाईल आल्यावर तासाभर स्कोअर लपवणार कसा, मग मॅचच पुढे सरकली. जून-जुलैत इथे पाचच्या सुमारास सूर्य जातो, दुसऱ्या हाफला लहान पोरं ब्लँकेटमध्ये. कॅनबेराला तर जुलैच्या रात्री पारा शून्याखाली जातो, आणि त्यांनाही रात्रीच्या मॅच देतात, दुपारी दोनला तिथे काय सुंदर ऊन असतं ते मी बघितलंय.

मी टीव्हीच्या विरोधात नाही हां, हे नीट वाचा. २०१८ ते २०२२ च्या पाच वर्षांसाठी १.८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा करार होता, खेळाडूंचे पगार, क्लबची ग्रँट, खालच्या पोरांच्या स्पर्धा, सगळं त्यावर चालतं, गेटचे पैसे त्याच्यापुढे चिल्लर. कोविडमध्ये २८ मे २०२० ला लीग परत सुरू झाली ती रिकाम्या मैदानात, सीटवर लोकांचे पुठ्ठ्याचे फोटो आणि टीव्हीवर रेकॉर्ड केलेला गोंगाट, कारण टीव्हीचे पैसे आले नाहीत तर क्लब बुडाले असते. त्या दिवशी हिशोब उघडा पडला, प्रेक्षकाशिवाय मॅच होऊ शकते, कॅमेऱ्याशिवाय नाही. आणि तरीही, काका, गेल्या काही हंगामांत लीगची एकूण गर्दी वाढलीये! आठच्या आठ मॅच लाइव्ह दिसत असताना वाढलीये. मग टीव्हीमुळे लोक घरी बसतात हे कसं धरायचं? लोक येतात, येता येईल अशी वेळ दिली की येतात.

याचा पुरावा तीन तासांच्या विमानावर आहे. न्यूझीलंडचा वॉरियर्स हा संघ याच लीगमध्ये खेळतो, मैदान ऑकलंडला. हिवाळ्यात ऑकलंडचं घड्याळ सिडनीच्या दोन तास पुढे. म्हणजे जी शुक्रवारची सहाची मॅच आमच्या नाकी नऊ आणते ती तिथे रात्री आठला सुरू होते, लोक घरी जाऊन, जेवून, पोरांना जर्सी घालून निवांत येतात. २०२४ ला तर त्यांच्या मैदानावरच्या मॅच हाऊसफुल्ल. वेळ तीच, स्पर्धा तीच, चॅनल तोच. मग सहाची मॅच जमेल तितकी ऑकलंडला टाका ना, सिडनीतल्या क्लबला वर्षातून एखादी द्या, तीही सगळ्यांना सारखी वाटून. हे कळायला काही फार डोकं लागत नाही, पण ऑकलंडला दर आठवड्याला मॅच नसते, आणि टीव्हीच्या आठ वेळा तर दर आठवड्याला भरायच्या असतात, गाडं तिथेच अडतं.

२०२७ ला पर्थचा बेअर्स संघ येतोय. पर्थ हिवाळ्यात सिडनीच्या दोन तास मागे. टीव्हीवाले खूश, सिडनीत रात्री आठ म्हणजे तिथे सहा, त्यांना प्राइम टाइमसाठी नवीन मैदान मिळालं. आणि शुक्रवारी ऑफिसातून धावत सुटणारा पर्थचा बाप? तो आता माझ्या जागी. शनिवारी साडेसातची दिलीत तर तिथे साडेपाच होतात, ती मस्त वेळ आहे, निदान तेवढं तरी कोणीतरी नकाशा बघून ठरवावं.

इंग्लंडची गोष्ट लांब आहे, थोडक्यात सांगतो. तिथे १९६५ ला बीबीसी टूने खास टीव्हीसाठी मंगळवार रात्रीची फ्लडलाइट स्पर्धा सुरू केली तेव्हा त्या वाहिनीचे प्रमुख होते डेव्हिड अॅटनबरो, हो, तेच जंगल-प्राण्यांच्या फिल्मवाले. मैदानावर दिवे असतील त्याच क्लबला प्रवेश! पुढे १९९६ ला स्काय या टीव्ही कंपनीच्या ८ कोटी ७० लाख पौंडांसाठी शंभर वर्षं हिवाळ्यात खेळला जाणारा खेळ सरळ उन्हाळ्यात हलवला. आता पूर्व किनाऱ्यावरच्या हल इथला माणूस पश्चिमेच्या सेंट हेलेन्सला गुरुवार-शुक्रवार रात्रीच्या मॅचला निघाला तर अर्धा देश ओलांडून जायचं आणि मध्यरात्रीनंतर परत, म्हणून पाहुण्या संघाचा कोपरा रिकामा दिसतो.

आणि हे सगळं मी सिडनीच्या पेपरला न लिहिता तुम्हाला का लिहितोय? कारण आपल्याकडे वेगळं काही नाही. साडेसातची आयपीएल मॅच वानखेडेला संपते रात्री अकराच्या पुढे, मग चर्चगेटला झुंबड, कल्याणचा माणूस घरी कधी पोचणार. प्रो कबड्डीत २०२५ ला अख्खी लीग चार शहरांत उरकली, विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. नावात पुणे आणि मुंबई असलेले दोन संघ, आणि पुण्या-मुंबईत एकही मॅच नाही, माझा पुण्याचा भाचा ज्या संघाचा फोटो भिंतीवर लावतो त्याची घरची मॅच त्याला टीव्हीवर बघावी लागते कारण ती घरी नाहीच. टीव्हीला काय, मॅट आणि दिवे सारखेच.

आयपीएलचा २०२३ ते २०२७ चा करार ४८,३९० कोटींचा होता, तेव्हा सगळ्या पेपरांनी तो आकडा पहिल्या पानावर हाताएवढा छापला होता. इथल्या रग्बी लीगचा करारही २०२७ लाच संपतोय. दोन्हीकडे नवीन आकडे येतील, मोठेच येतील. संपादक साहेब, तेव्हा त्या आकड्याच्या खाली एवढं एक छापाल का, की मॅच किती वाजता ठेवणार आणि कुठल्या गावात? कोटी कुठूनही कळतात, हे कोणी सांगत नाही.

आमची पुढच्या शुक्रवारची मॅच परत सहाचीच आहे. मी हाफ डे टाकलाय.

आपला एक वाचक,
वेंटवर्थविल, सिडनी