दगडावरची पॉलिसी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, मी संध्याकाळी त्या दफनभूमीतूनच फिरायला जाते आणि घरी येऊन आंघोळ करत नाही. इथे अमेरिकेत, ओमाहात, लोक तिथे कुत्रीसुद्धा फिरवतात. मोठी झाडं आहेत, गाड्या नाहीत, रस्ता सपाट आहे. तुझा गुडघा बरा असता तर तुलाही नेलं असतं.

आता बाबांसाठी. उभी हयात तुम्ही लोकांच्या ओसरीवर बसून विमा समजावून सांगितलात, म्हणून हे तुम्हालाच लिहायला हवं. जुन्या भागात दगडाची झाडं उभी आहेत. पुरुषभर उंचीचा बुंधा, फांद्या छाटलेल्या, सालीच्या रेघान्‌रेघा कोरलेल्या, बुडाशी नेचे. बऱ्याच बुंध्यांवर एक गोल शिक्का असतो, ‘वुडमेन ऑफ द वर्ल्ड’. त्यात कुऱ्हाड, पाचर, मोगरी अशी लाकूडतोड्याची हत्यारं आणि ‘डुम टासेट क्लामाट’ हे लॅटिन वाक्य. गप्प असला तरी बोलतो आहे, असा अर्थ. हा कुठला पंथबिंथ नाही, बाबा. ही विम्याची संस्था!

जोसेफ कलन रूट नावाच्या गृहस्थाने १८८३ मध्ये आयोवात ‘मॉडर्न वुडमेन’ काढली. तिथल्या मंडळींशी बिनसल्यावर १८९० मध्ये इथे ओमाहात येऊन ही दुसरी. जंगल तोडून कुटुंबासाठी जागा करणाऱ्या लोकांवरचं एक प्रवचन त्याने ऐकलं होतं, त्यावरून हे नाव. सभासद वारला की घरच्यांना पैसे मिळत आणि त्याला थडग्याचा दगडही मिळे. सुरुवातीला दगड पॉलिसीतच धरलेला होता. १९०० नंतर त्यासाठी शंभर डॉलरचा वेगळा रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायची जादा तरतूद, घ्यावा लागे. तुम्ही अपघाताचा रायडर विकत होता, यांनी दगडाचा विकला. नमुने संस्था पाठवायची, पण कोरायचा गावातला कारागीर, म्हणून एक बुंधा दुसऱ्यासारखा नाही. पुढे खर्च झेपेना आणि १९२० च्या दशकात हे बंद पडलं. संस्था मात्र चालू आहे. शहराच्या मध्यावर तिची १९६९ सालची तीस मजली इमारत आहे.

एक सांगते, प्रत्येक दगडी बुंधा वुडमेनचा नसतो. अर्ध्यावर तुटलेलं आयुष्य दाखवायला छाटलेलं झाड कोरण्याची पद्धत आधीपासून होती. शिक्का बघायचा.

मग नजरच बसली. एकात एक अडकलेल्या तीन कड्या दिसल्या की ऑड फेलोज, तीही अशीच एकमेकांना मदत करणाऱ्या सभासदांची संस्था. कड्यांतली अक्षरं मैत्री, प्रेम आणि सत्य यांची. यांची अमेरिकेतली शाखा १८१९ ची, बाल्टिमोरची. आजाऱ्याला भेटणं, अडलेल्याला मदत, मेलेल्याचं दफन आणि अनाथाचं शिक्षण ही सभासदांची ठरलेली कामं. गवंड्याचा गुण्या आणि कर्कटक म्हणजे फ्रीमेसन, ते तुम्हाला माहीतच आहेत, त्यांची लॉज, म्हणजे शाखा, मुंबईतही आहेत. अकरावर काटे असलेलं घड्याळ एल्क्स नावाच्या आणखी एका संघटनेचं. त्या वेळेला ते गैरहजर भावांची आठवण काढतात.

पण मला सगळ्यात आवडला तो जहाजाचा नांगर आणि ढाल, एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन अपचर्च नावाच्या रेल्वेतल्या मेकॅनिकने काढलेली. नियम सोपा. कोणी वारलं की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर भरायचा, तो त्याच्या घरी जायचा. मयतीची भिशीच म्हणा. यात गोम कुठे आहे ते तुम्ही वाचता वाचताच ओळखलं असेल. तरुण असेपर्यंत झकास चालतं. सभासद म्हातारे होतात, मयती वाढतात, डॉलर सारखे मागितले जातात, नवी पोरं फिरकत नाहीत. वयानुसार हप्ता लावायचं शहाणपण आलं तोवर अशा कितीतरी संस्था बुडाल्या होत्या. त्यांचे शिक्के आता दगडावरच उरलेत.

आणि या सगळ्या बंधुभावाला कुंपण होतं. वुडमेनचं दार फक्त गोऱ्यांना उघडं. म्हणून काळ्या लोकांनी आपल्या संस्था काढल्या. आर्कान्सामधली ‘मोझेइक टेम्प्लर्स’ ही त्यातली एक. गुलामीत जन्मलेल्या दोघांनी ती उभारली, आणि तीही सभासदांना संगमरवरी दगड देत असे. बाबा, तुम्हीच सांगायचात ना, की इंग्रजी कंपन्या आपल्या लोकांकडून जास्त हप्ता घ्यायच्या आणि १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने पहिल्यांदा नेहमीच्या दराने विमा दिला? हे दगड बघताना तेच आठवलं.

बाकीची नक्षीही आहेच. एकमेकांत गुंफलेले दोन हात असतात, एकाच्या बाहीला झालर आणि दुसरी साधी, म्हणजे नवरा-बायको. गव्हाची पेंढी पिकल्या वयात गेलेल्याची. कोकरू लहान मुलाचं. त्या रांगेत मी थांबत नाही. पण यात फार अर्थ शोधायला नको, सीअर्ससारखी दुकानं पोस्टाने थडगी विकत, कॅटलॉग उघडून आवडेल ते मागवायचं. संस्थेच्या शिक्क्यावर माझा जास्त विश्वास. तो दिसला की एवढं तरी कळतं, की हा माणूस कुठल्यातरी खोलीत चार लोकांबरोबर बसत होता आणि वर्गणी भरत होता. सर्वसामान्यांसाठी सरकारी पेन्शनचा कायदा इथे १९३५ मध्ये आला. त्याआधी कितीतरी विधवांना आधार होता तो याच कड्यांचा आणि कुऱ्हाडींचा.

आपल्याकडे एलआयसीच्या शिक्क्यातले दिव्याभोवतीचे दोन हात आणि ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ कोणी समाधीवर कोरून घेतल्याचं ऐकलं नाही. तुमच्या काही सहकाऱ्यांना चाललं असतं म्हणा. देशपांडेकाकांनी तर दाराच्या पाटीवर लावलंच होतं!

आता कामाचं. गावभर नॉमिनीचं नाव घालून घ्या म्हणून सांगत फिरलात, आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसी कुठे आहेत हे आईलाही माहीत नाही. मागे विचारलं तेव्हा तुम्ही क्रिकेट लावलंत. या वेळी रागावू नका. हिरव्या ट्रंकेत आहेत की बँकेच्या लॉकरमध्ये, नॉमिनी अजून आजीच आहे की बदललंत, एवढं एका कागदावर लिहा आणि फोटो काढून पाठवा. आई, फोटो तू काढ, त्यांचा हात हलतो.

तुमची,
मनू