निबंधांचा आकडा छापलात, त्यांत काय आहे ते कुठे?

महोदय,

कालच्या शहर पुरवणीतला डॉक्टरांवरचा लेख दोनदा वाचला. रेडिऑलॉजी (एक्स-रे, सीटीसारख्या तपासण्या) आणि हेड अँड नेक सर्जरी (डोक्या-मानेच्या शस्त्रक्रिया), दोन्हींत एवढे शोधनिबंध असलेला माणूस आपल्या गावात आहे, याचा नागपूरकर म्हणून अभिमान वाटला. पण अर्ध्या पानाच्या लेखात निबंधांचा आकडा तीनदा येतो, एच-इंडेक्स नावाचं संशोधनाचं माप ठळक टायपात येतं, आणि एकाही निबंधात काय सापडलं ते एका ओळीनेही येत नाही. सकाळपासून मन त्यातच अडकलं आहे, म्हणून लिहिते.

मी ३१ वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात काम केलं. बढतीचे दिवस आले की याद्या घेऊन धावणारे डॉक्टर पाहिले. एकाच रुग्णाची हकीकत सांगणारी दोन पानं आणि शेकडो रुग्णांमागे वर्षानुवर्षं राहून केलेला अभ्यास, यादीत दोघांना एकेकच क्रमांक. लेखकांत नाव पहिलं की सातवं, तेही आकड्यात दिसत नाही. एच-इंडेक्स २० म्हणजे २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा कुणीतरी संदर्भ दिला. २००५ साली हे माप सुचवणारे हिर्श भौतिकशास्त्रज्ञ. रुग्णाचं पुढे काय झालं, ते या मापात येतच नाही.

आणि माझा जीव तिथेच अडकलेला आहे. २०१९ मध्ये माझ्या धाकट्या भावाच्या गालात आतून कॅन्सरची जखम निघाली. वीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. एका सेंटरवर सीटी स्कॅन काढला. रिपोर्ट आला, गाठ गालाची की हिरडीची ते सांगता येत नाही. म्हणजे जबड्याचं हाड कापावं लागणार की नाही, तेही कळेना. सर्जननी फिल्म उजेडावर धरली आणि विचारलं, "गाल फुगवायला लावला होता का?" नव्हता लावला. दुसरीकडे नंबर लागेपर्यंत १९ दिवस गेले. तिथला टेक्निशियन म्हणाला, "भाऊ, ओठ मिटा, गाल फुगवा अन् तसेच राहा." काही सेकंदांचं काम! गालात हवा भरली की तो हिरडीपासून सुटतो आणि गाठ नेमकी कुठून निघाली ते दिसतं. भावाची गालातच होती. हाड वाचलं. पण ते १९ दिवस आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही.

गाल फुगवून सीटी काढायची ही पद्धत २००१ सालीच अमेरिकेतल्या न्यूरोरेडिऑलॉजीच्या नियतकालिकात छापून आली होती. नंतर मी तो निबंध शोधून वाचला. छोटासाच आहे. १८ वर्षांत तो त्या सेंटरच्या टेबलापर्यंत पोचला नव्हता.

भावाच्या मानेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड, जिथे कॅन्सर पसरू शकतो) त्याच वेळी काढल्या. हाताला तर काही लागत नव्हतं, मग कशाला, असं मी विचारलं. सर्जननी टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा अभ्यास समजावून सांगितला. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असताना ज्यांच्या मानेतल्या या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. माझ्या भावाच्या मानेवरचा व्रण त्या एका निबंधाचा आहे.

आपल्या वार्ताहरांनी डॉक्टरांना हेच विचारायला हवं होतं. तुमच्या कोणत्या निबंधामुळे नागपुरात सीटी काढण्याची रीत बदलली? सीटीला पाठवताना सर्जन चिठ्ठीवर आता काय जास्तीचं लिहितात? दोन्ही विषयांत हात असलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं खूप असणार. कृपया वार्ताहरांना पुन्हा पाठवा आणि ते छापा.

एका रुग्णाची बहीण,
मानेवाडा, नागपूर

ता. क. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी शाळेजवळच्या पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा मिळतोच, आणि आपण पानमसाल्याच्याच नावाने विकल्या जाणाऱ्या इलायचीची रंगीत जाहिरात छापता. डॉक्टरांवरचा लेख भावाला दाखवायला कापून घेतला, तर नेमकी त्याच्या पाठीमागे ती जाहिरात निघाली. कात्रण मी त्याला दिलं नाही.