संकेश्वरच्या अलीकडची रात्र

बेळगाव, रविवार रात्र

प्रिय बाळू,

दोन वर्षं तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. आईचे गुडघे, माझी शुगर, सगळं आहे तसंच. आज आण्णांसाठी लिहितोय. आणि काकांच्या, तुझ्या वडिलांच्या, त्या रात्रीसाठी.

लघवीचा त्रास म्हणून आण्णांची सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाईंचा हात बेंबीच्या वर एकाच जागी थांबला, तेव्हाच मी उठून उभा राहिलो. महाधमनीला, म्हणजे हृदयातून पोटात उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, फुगवटा आलाय. दोन सेंटिमीटरच्या आसपास असायची ती नळी ५.९ झालीय. पुरुषांत ५.५ च्या पुढे गेलं की ऑपरेशनचं बोलतात. पहिला प्रश्न बिडीचाच होता. निपाणीच्या वखारीतली चाळीस वर्षं, काय सांगणार?

खरा घोळ सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, निघाला. त्यांच्या दोन्ही किडन्या खालच्या टोकाला जुळलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या. जन्मापासून! चार-पाचशे माणसांत एखाद्याच्या असतात म्हणे. आण्णा म्हणाले, "लोक नाल दारावर ठोकतात, देवानं माझ्या पोटात ठोकली की." डॉक्टरही हसले. मला मात्र हसू येईना.

कारण तो जोड नेमका फुगवट्याच्या पुढ्यात आहे. पोट समोरून उघडलं तर तो आडवा येतो, आणि कापला तर लघवी झिरपून नव्या कृत्रिम नळीला जंतू लागायची भीती. मांडीतून स्टेंट, म्हणजे धमनीच्या आत बसणारी नळी, सरकवायचा तर मोठी चिरफाड नाही. पण आण्णांच्या किडनीला जाणारी एक जादा रक्तवाहिनी फुगवट्यातूनच निघते. ती स्टेंटमागे बंद पडणार, किडनीचा तेवढा भाग मरणार. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, १.६. म्हणून सर्जन म्हणतात, डाव्या कुशीतून, आतड्यांच्या मागच्या बाजूनं जाऊ. किडनी न कापता पुढे उचलून धरायची, आणि ती वाहिनी नव्या नळीला जोडून द्यायची. वय ७४. सही मला करायचीय. तीन रात्री तो फॉर्म उशाशी घेऊन झोपतोय.

बाळू, काका त्या रात्री कंबर धरून कण्हत होते, तेव्हा मुतखडाच आहे, सकाळी बघू, असं मी म्हणालो होतो. तू गाडी काढ म्हणत होतास. दोन तास गेले. संकेश्वरच्या अलीकडे काका गप्प झाले. धमनी फुटलीय हे दवाखान्यात कळलं. बाराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तू डॉक्टर होतास काय रे?" त्यावर मी सहा वर्षं बोललो नाही. परवा सर्जनच म्हणाले, फुटलेल्या धमनीचं दुखणं पुष्कळदा मुतखड्यासारखंच वाटतं. त्यानं माझे ते दोन तास भरून येत नाहीत. तुझा राग बरोबर होता.

वहिनींना नमस्कार. धाकटीचं ॲडमिशन झालं काय? फ्लॅटचं काय झालं ते कळव.

आता जे सांगायला बसलो ते. बापाला असेल तर मुलालाही असायचा संभव जास्त. तू छप्पन्नचा, कॉलेजपासूनची सिगरेट अजून सुटली नाही. आणि हे फुटेपर्यंत बहुतेकदा दुखतही नाही. या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी कर. महाधमनी किती सेंटिमीटर, तो आकडा रिपोर्टवर लिहून माग. गुरुवारी आण्णांना ॲडमिट करतोय. त्याआधी मला तो आकडा कळव.

तुझा,
सुऱ्या